तळ्यांच्या काठाने रानाकडे

प्रवासवर्णन लिहावे असा प्रवास आमच्या हातून आजवर घडला नव्हता. गौलीगुड्यातील घर ते शाळा, शाळा ते घर आणि वर्षाकाठी लातूर-नांदेडकडचे एखादे लग्न, एवढाच आमचा भूगोल. तेव्हा वाचकांपुढे सहलीची हकीकत घेऊन येताना थोडा संकोच वाटतो. परंतु गेल्या संक्रांतीच्या सुटीत आम्ही उभयतांनी मोटारीने जो पाच दिवसांचा फेरफटका केला, त्यात पाहण्यासारखे पुष्कळ होते आणि आजवर पाहावयाचे टाळलेले असेही काही होते. दोन्ही सांगितल्यावाचून हकीकत पुरी होणार नाही.

निमित्त झाले चिरंजीवांचे. चिरंजीव आणि सूनबाई कॅनडात टोरांटोला असतात. गेल्या उन्हाळ्यात ती दोघे सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने मोटारीने उत्तरेकडे गेली होती. रोज रात्री फोनवर छायाचित्रे येत. दूरवर निळे पाणी, काठाला सूचिपर्णी वृक्षांचे रान, आणि मधून गेलेला एकाकी रस्ता. या एका सरोवराचा विस्तार सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सबंध तेलंगणाच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश! त्या देशात अशी राने राखून ठेवण्याची रीतही जुनी. ओंटारियो प्रांतातील अल्गाँक्विन हे राखीव उद्यान तर १८९३ सालचे. चिरंजीवांचा आग्रह असा की, पुढील उन्हाळ्यात आम्ही तिकडे यावे.

सौ. चष्मा पुसून पुसून ती छायाचित्रे पाही. एके रात्री ती म्हणाली, "तळी आणि रान बघायला इतक्या लांब कशाला जायला हवं? आपल्या उत्तरेला काय कमी आहे?"

"आपल्या उत्तरेला म्हणजे?" आम्ही विचारले.

"मेदक, निजामसागर, निर्मल, जन्नारम." इतके बोलून ती क्षणभर थांबली आणि मग म्हणाली, "आणि उटनूर."

उटनूर हे नाव आमच्या घरात तीस वर्षांत उच्चारले गेले नव्हते. आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मोटारीची चाके तपासून घेतली.

वास्तविक गौलीगुड्याच्या रहिवाशाला तळ्यांची ओळख करून द्यावी लागू नये. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला जो महापूर आला, त्याच्या गोष्टी आमच्या गल्लीत आजही सांगितल्या जातात. अफजलगंजच्या दवाखान्याच्या बागेतील चिंचेच्या झाडावर चढून शेदीडशे माणसे वाचली, ते झाड अद्याप दाखविले जाते. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले, आणि पुढे १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर ही धरणे उभी राहिली. थोडक्यात, आमच्या पेठेचे आजचे आयुष्य हे तळ्यांच्याच कृपेने चालले आहे.

सकाळी सहा वाजता निघालो. सौ.ने धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाच्या वड्या असा शिधा बांधून घेतला होता. आमच्या जुन्या बसस्थानकाच्या जागेवरून जाताना गाडी आपोआप मंदावली. विमाने ठेवण्यासाठी आणवलेली ती लोखंडी कमानदार शेड ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे वर्णन सांगणे नको. १९३२ साली निजाम सरकारने बसगाड्या सुरू केल्या, तेव्हा तीच शेड बसस्थानक झाली. ५ जुलै २०१८ रोजी ती एकाएकी कोसळली. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. १९९३ च्या जूनमध्ये एक लोखंडी ट्रंक आणि पदव्युत्तर मराठीची पदवी घेऊन आम्ही याच शेडखालून आदिलाबादच्या गाडीत बसलो होतो. सौ.ला ते आठवत असावे. ती म्हणाली, "ट्रंक टपावर चढवताना तुमचा सदरा फाटला होता."

मेदकला पोहोचेपर्यंत ऊन चांगले वर आले. तेथील भव्य चर्च पाहिले. १९१४ ते १९२४ या दहा वर्षांत, दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांच्या हातांना काम मिळावे म्हणून चार्ल्स पॉस्नेट या धर्मोपदेशकांनी ते बांधविले. तेथून पोचारमचे तळे जवळच. मांजरेला मिळणाऱ्या एका ओढ्यावर १९१६ ते १९२२ च्या दरम्यान बंधारा घालून हे तळे केले आहे. भोवतालचे रान पूर्वी निजामांच्या शिकारीचे. १९५२ साली ते अभयारण्य झाले. बांधावर बसून धपाटे खाल्ले. पाण्यात उघड्या चोचीचे करकोचे संथपणे गोगलगायी वेचीत होते. पलीकडे, राखी अंगाचे आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंसासारखे पक्षी बसले होते. ते पट्टकादंब, असे तेथील वनरक्षकाने सांगितले. हे पक्षी हिवाळ्यात हिमालय ओलांडून तिबेट आणि मध्य आशियाकडून येतात. सौ.ने विचारले, "एवढ्या लांबून येतात, तर मग परत कशाला जातात?" वनरक्षक हसून म्हणाला, "अम्मा, पिलं तिकडंच होतात ना त्यांची." सौ. यावर काही बोलली नाही. पक्षी उडेपर्यंत ती तेथून हलली नाही.

तिसऱ्या प्रहरी निजामसागरावर आलो. हे धरण १९२३ ते १९३१ या काळात बांधले गेले. नवाब अली नवाज जंग हे त्याचे अभियंते. पावणेतीन लाख एकर भिजविण्याच्या हिशेबाने हे काम योजलेले होते. आज वर सिंगूरचे धरण झाल्यामुळे पूर्वीइतके पाणी येत नाही, तरीही दगडी भिंतीवरून दोन्ही बाजूंना पाहताना माणूस गप्प होतो. आमच्या सौ.चे माहेर लातूरकडचे, मांजरेच्या काठचे. ही मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर आणि बीदर या बाजूंनी वाहत तेलंगणात येते आणि येथे आल्यावर एकदम उत्तरेकडे वळून गोदावरीला जाऊन मिळते. दक्षिणेकडे आलेली नदी पुन्हा उत्तरेकडे का वळते, याची भूगोलाच्या पुस्तकातली कारणे आम्ही सांगू लागलो. सौ. म्हणाली, "तिला जायचंच असेल तिकडे." आणि माहेरच्या पाण्याला तिने हात जोडले.

रात्री निजामाबादेस एका साध्या लॉजमध्ये उतरलो. या गावाला आमच्या वडिलांच्या पिढीतील माणसे अद्याप 'इंदूर' म्हणत, तेच त्याचे जुने नाव.

दुसऱ्या दिवशी पोचमपाडला श्रीरामसागर पाहिला. १९६३ साली पंडित नेहरूंनी याची पायाभरणी केली. मांजरा वर कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते, आणि ते सारे पाणी येथे येऊन थांबते. नाशिकची गोदावरी, पैठणची गोदावरी, नांदेडची गोदावरी. आपण मराठी माणसे तिची नावे अशी गावागावांनी घेतो आणि बासरच्या पुढे ती कोठे जाते याचा विचार करीत नाही. येथे ती समुद्रासारखी पसरलेली दिसते.

दुपारी निर्मलला मुक्काम केला. येथील नक्काश कारागीर पोनकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची फळे, पक्षी आणि प्राणी करतात. रंग असा की, सीताफळ हातात घेतल्यावरच ते लाकडाचे आहे हे कळावे. सौ.ने एक हरिण घेतले. आमच्या घरी अद्याप नातवंड नाही. "हे कोणासाठी?" असे विचारण्याचे ओठांवर आले होते, परंतु विचारले नाही. न विचारण्याची आम्हांला फार जुनी सवय आहे.

तिसऱ्या दिवशी कडेमचे धरण लागले. २०२२ च्या जुलैत येथे असा लोंढा आला की, दारे उघडूनही पाणी बांधाच्या माथ्यावरून जाऊ लागले आणि खालची गावे रातोरात रिकामी करावी लागली. धरण टिकले. आम्ही गेलो तेव्हा पाणी अगदी निवांत होते आणि काठावर कोणी बाई घोंगडी धूत होती.

कडेमनंतर साग सुरू झाला. मैलोगणती साग, मध्ये ऐन, धावडा, तेंदू आणि मोह. हेच कवालचे रान. १९६५ साली हे अभयारण्य झाले आणि २०१२ साली व्याघ्र प्रकल्प. वाघ मात्र येथे ठाणे देऊन क्वचितच राहतो. तो येतो तो बहुधा ताडोब्याहून किंवा पैनगंगा ओलांडून टिपेश्वरच्या रानातून. म्हणजे येथले वाघही विदर्भातून आलेले! सौ. म्हणाली, "त्यांच्या पिल्लांना कोणत्या माध्यमात घालतात?" शाळामास्तरच्या बायकोला असे विनोद सुचावयाचेच.

जन्नारमच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने पांढरी वस्त्रे नेसलेल्या गोंड लोकांची रांग अनवाणी चालली होती. ते मेसराम कुळाचे लोक. केसलापूरच्या नागोबाची जत्रा पौष अमावस्येला भरते. त्या पूजेसाठी गोदावरीचे पाणी आणावयास हे लोक पायी जन्नारमजवळच्या डोहावर जातात आणि तसेच पायी परत येतात. मोटार बाजूला लावून आम्ही उतरलो. आपल्याकडील वारीची सवय असल्याने सौ.ने वाकून नमस्कार केला आणि तिळाची वडी पुढे केली. एका वृद्धाने ती घेतली आणि स्वच्छ मराठीत विचारले, "कुठले पाव्हणे?" सौ. म्हणाली, "हैदराबादचे. पण पूर्वी इकडंच होतो." तीस वर्षांनी तिच्या तोंडून हे वाक्य आम्ही प्रथम ऐकले.

त्या रात्री वनविश्रामगृहाच्या ओसरीवर थंडीत बसलो असता ते बोलणे निघाले. आता वाचकांनाही ते सांगितले पाहिजे.

१९९३ साली आमची पहिली नेमणूक उटनूरच्या पुढे एका लहानशा गावातील मराठी शाळेत झाली. गाव नाल्यापलीकडे. अर्धी वस्ती गोंडांची, अर्धी मराठी. मुले घरी गोंडी बोलत, बाजारात मराठी, आणि कचेरीत गेली की तेलुगु. पहिली ते पाचवी मिळून एकतीस मुले आणि शिक्षक एकटे आम्ही. दिवाळीनंतर सौ. तेथे राहावयास आली. कंदिलाच्या उजेडात तिने संसार मांडला. १९९४ च्या श्रावणात, तिला सातवा महिना असताना, संततधार लागली. आठ दिवसांनी तिला माहेरी पोहोचवावयाचे ठरले होते. त्याआधीच रात्री पोटात दुखू लागले. दवाखाना नाल्याच्या पलीकडे, नाल्याला पूल नाही आणि पाणी दोन पुरुष चढलेले. शेजारच्या गोंड आजीने बाळंतपण केले. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो होता. संध्याकाळी गावकऱ्यांनी त्याला नाल्याच्या अलीकडे मोहाच्या झाडाखाली ठेवले. पाणी उतरले ते तिसऱ्या दिवशी.

आजी अकरा रात्री सौ.जवळ निजली. तिला मराठी बेताचे, सौ.ला गोंडी मुळीच नाही. परंतु त्या दोघी रात्री बोलत असत. आम्ही बाहेर ओसरीवर बसून त्यांचे आवाज ऐकत असू.

पुढे आम्ही बदलीचा अर्ज केला. ओळखीपाळखी लावल्या, दाखले जोडले, आणि १९९५ च्या जानेवारीत, वर्ष अर्धे टाकून, हैदराबादला परतलो. गेलो होतो ते जुन्या शेडमधून. परत येऊन उतरलो ते नव्या महात्मा गांधी बसस्थानकावर. जणू जुने सारे मागे राहिले, अशी आमची समजूत. सौ.ला दुःख होईल म्हणून त्या गावाचे नाव काढावयाचे नाही, हा आम्ही घालून घेतलेला नियम. पुढे देवदयेने चिरंजीव झाले. नियम तसाच चालू राहिला.

"निघताना मी काय म्हणाले होते, आठवतं?" ओसरीवर सौ.ने विचारले.

आम्हांला आठवत नव्हते.

"मी म्हणाले होते, निदान मुलांच्या परीक्षा होईपर्यंत राहू. तुम्ही म्हणालात, अर्ज गेलेला आहे."

"तुला तिथं राहवत नव्हतं, म्हणून तर..."

"असं मी कधी म्हणाले?"

आम्ही अर्जाचे शब्द आठवले. ते आम्हांला मात्र तीस वर्षे पाठ होते. 'पत्नीस येथील हवा मानवत नाही व ती येथे राहण्यास तयार नाही, तरी आम्हांवर कृपा व्हावी.' ते शब्द आम्ही तिला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. रानात कोठेतरी टिटवी ओरडत होती.

"मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते. "माझं लेकरू तिथं होतं. आजी तिथं होती. मला तिथून निघायचं नव्हतं. तिथं राहवत नव्हतं ते तुम्हाला."

हे खरे होते. नाल्याचे पाणी, ती दुपार, मोहाचे झाड, यांच्याकडे पाहण्याचे धैर्य आम्हांला नव्हते. आणि ते झाकण्यासाठी आम्ही तिचे नाव पुढे केले होते.

मराठी शिकविण्यात आमचा जन्म गेला. वर्गात आम्ही दरवर्षी सांगतो की, इंग्रजीत 'वुई' हा एकच शब्द असताना मराठीत दोन आहेत. ऐकणाऱ्याला वगळून बोलतो ते 'आम्ही' आणि त्याला सामावून घेऊन बोलतो ते 'आपण'. तेलुगुतही असेच आहे, 'मेमु' आणि 'मनमु'. मुलांना हे उदाहरण फार आवडते. 'आम्ही जेवतो' म्हणालात तर पाहुणा उपाशी, 'आपण जेवू' म्हणालात तर त्याचे ताट वाढले. हे उदाहरण देणाऱ्या मास्तराने स्वतःच्या घरातला सर्वांत मोठा निर्णय 'आम्ही' म्हणून घेतला होता. आणि ज्या 'आम्हांवर' कृपा व्हावी असे अर्जात लिहिले, त्यात सौ. नव्हतीच.

चौथ्या दिवशी घाटाच्या रस्त्याने उटनूरला आलो आणि तेथून त्या गावाकडे वळलो. नाल्यावर आता पक्का पूल झाला आहे. सौ. म्हणाली, "थांबवा." ती उतरली आणि कठड्याला टेकून खाली पाहत उभी राहिली. नाल्यात घोट्याएवढे पाणी होते. मोटारीने पूल ओलांडावयास दहा सेकंदही लागत नाहीत.

मोहाचे झाड राहिलेले नाही. त्या जागेच्या आसपास पाण्याची उंच टाकी झाली आहे. आम्ही ओळखू येऊ अशी अपेक्षा नव्हती. परंतु टाकीजवळ उभे असताना अंगणवाडीतून चाळिशीची एक बाई बाहेर आली, आमच्याकडे न पाहता सौ.कडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मास्तरीणबाई?"

ती आजीची नात. आमच्याच शाळेतील चौथीची विद्यार्थिनी. आजी जाऊन बारा वर्षे झाली. घरी नेऊन तिने चहा केला. आजी मोहाच्या दिवसांत त्या झाडाखाली फुले वेचावयास जाई. पण घरच्या माणसांना बजावी की, बुंध्याच्या पूर्वेकडची फुले उचलावयाची नाहीत. ती त्या लेकराची. हे सांगताना तिला आपण काही विशेष सांगत आहोत असे वाटत नव्हते. सौ. शांतपणे ऐकत होती. आम्हांला मात्र अंगणात जाऊन उभे राहावे लागले.

परत आलो तेव्हा धीर करून विचारले, "आम्ही गेल्यावर शाळेचे काय झाले?"

"बंद होती ना गुरुजी. वर्षभर कुणी आलंच नाही. मग मी गेलीच नाही पुढं. धाकट्याला आश्रमशाळेत घातलं, तो शिकला."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिचा हा धाकटा भाऊ आता केरामेरीकडे मास्तर आहे. तिकडील सीमेवरच्या परमडोली, अंतापूर वगैरे गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. दोन शिधापत्रिका, दोन मतदानपत्रे, एक शाळा मराठी आणि एक तेलुगु. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके निघून गेले, तेव्हापासूनचा हा गुंता. "तुमच्या वेळी एक मास्तर मिळंना, आता तिकडं दोन-दोन सरकारं शिकवतात," असे म्हणून ती हसली.

सौ.ने टाकीच्या पूर्वेला, मातीवर, तिळगूळ ठेवला. निर्मलचे हरिण तिने तेथे ठेवले नाही. ते अंगणवाडीतल्या मुलांना दिले. त्यांनी तत्काळ त्याची ओढाताण सुरू केली आणि एक कान मोडला. सौ. हसली. निर्मलपासून तिच्या मनात काय होते हे आम्हांला तेव्हा कळले.

परतताना जैनूरजवळ मारलवाईला थांबलो. अंगणवाडीच्या बाईंनी आवर्जून सांगितले होते. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम पोलिसांच्या गोळीबारात पडले. त्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने ज्यांची मदत घेतली, ते ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ याच गावात झोपडी बांधून राहिले. त्यांच्या पत्नी बेटी त्यांच्यासोबत होत्या. १९४३ साली येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, आणि मुलांची पहिली पुस्तके गोंडी भाषेत, देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. मुलाला आधी त्याच्या घरच्या बोलीत शिकवावे, मग बाजाराच्या आणि कचेरीच्या, हा त्यामागचा विचार. आम्ही त्याच टापूत दीड वर्ष शिकविले, परंतु गोंडीचे दहा शब्द शिकलो नाही आणि मारलवाई पाहिली नाही. आज आमच्या शाळेतील मराठी वर्ग रोडावत चालले आहेत, मुलांना आपल्या घरची भाषा नको म्हणून आम्ही सभांतून खेद व्यक्त करतो. त्या वेळी आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची घरची भाषा आम्हीच वर्गाबाहेर ठेवली होती, हे मारलवाईत उमगले.

बेटीबाई १९८७ च्या जानेवारीत हैदराबादेत वारल्या. त्यांची समाधी मारलवाईला आहे. हैमेनडॉर्फ १९९५ साली लंडनमध्ये निवर्तले आणि पुढे त्यांच्याही अस्थी येथेच आणण्यात आल्या. दोन समाध्या शेजारी-शेजारी आहेत. पुण्यतिथी नुकतीच झाली होती, त्यामुळे झेंडूच्या माळा अद्याप होत्या. याच गावचे गुसाडी नर्तक कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये तेही गेले. सौ. बेटीबाईंच्या समाधीजवळ बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "यांना इथंच राहायचं होतं, हे कुणीतरी विचारून ठेवलं असणार."

पाचव्या दिवशी निर्मलच्या घाटाने उतरून, मोठ्या रस्त्याने अंधार पडता पडता गौलीगुड्यास परतलो.

निवृत्तीला आता थोडाच अवधी राहिला आहे. त्यानंतर वर्षातून दोन महिने त्या गावी राहून मुलांना वाचन शिकवावे, असे मनात आले आहे. हा विचार प्रथम सौ.चा. कॅनडाचे काय करावयाचे, तेही तिच्याकडे सोपविले आहे. तिचे म्हणणे, आधी मोहाच्या दिवसांत उटनूर, मग सुपीरियर. चिरंजीवांना त्यांच्या थोरल्या भावाची हकीकत त्यांच्या आईने फोनवर सांगितली. दुसऱ्या टोकाला बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "मीपण येतो."

वाचकांपैकी कोणास या मार्गाने जावयाचे असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पोचारमला सकाळी लवकर पोहोचावे. इंधन निर्मललाच भरून घ्यावे, कारण पुढे रानात पंप फार अंतराने लागतात. जन्नारम-उटनूर रस्ता दिवसाउजेडी पार करावा. वनखात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत. उटनूरच्या पुढे तेलुगु येत नसल्यास अडत नाही, मराठी सर्वत्र समजते. गोंडीचे चार शब्द शिकून गेल्यास अधिक बरे.

आणि निघण्यापूर्वी घरात विचारावे, आपण कोठे जाऊ या म्हणून.